वाटाड्याचा संयम

वाट चुकलेल्या प्रवाशास वाट दाखविणें हें सत्कृत्य आहे, याविषयीं कोणत्याही समाजांत दुमत आढळणार नाहीं. तहानेल्यास पाणी द्यावें, तशीच चुकलेल्यास दिशा द्यावी, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु अंगणांत मुलांचा लपंडाव रंगला असतां, ज्याच्यावर राज्य आलें आहे त्याच्या कानाशीं लागून "तो पाहा, वृंदावनामागें बसला आहे" असें एखाद्यानें सांगितलें, तर त्या सांगणाऱ्यास पुण्यवान कोणी म्हणत नाहीं. त्याला चहाडखोर म्हणतात, आणि सगळीं मुलें त्याच्यावर तुटून पडतात. वस्तुतः दोन्ही प्रसंगीं घडलेली क्रिया एकच आहे. जें एकाला ठाऊक नव्हतें तें दुसऱ्यानें सांगितलें. एके ठिकाणीं तें दान ठरलें, दुसऱ्या ठिकाणीं ती चोरी ठरली. असें कां व्हावें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. आणि आपल्या काळांत तो एका अगदीं नव्या जागीं येऊन उभा राहिला आहे. ती जागा म्हणजे संगणकावरील खेळ, व त्या खेळांतील मोहिमांसाठीं चाहत्यांनीं स्वखुशीनें तयार केलेले नकाशे.

ज्यांच्या घरीं पंधरा-सोळा वर्षांचें मूल आहे त्यांना हे व्हिडिओ गेम अपरिचित नाहींत. इतरांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. अशा खेळांत पडद्यावर एक कल्पित प्रदेश पसरलेला असतो. तें एखादें शहर असेल, अरण्य असेल, किंवा शत्रूचा वाडा असेल. खेळणाऱ्यास एक कामगिरी नेमून दिलेली असते, तीच मोहीम. त्या प्रदेशांत शिरून, वाटा धुंडाळून, किल्ल्या, कागदपत्रें, वेषांतराचे कपडे अशा नाना वस्तु गोळा करून ती पार पाडावयाची असते. कोणती वस्तु कोठें आहे हें खेळ रचणारा बहुधा मुद्दामच सांगत नाहीं. आतां कांहीं खेळाडू असे निघतात कीं, मोहीम एकदां फत्ते झाली तरी त्यांचें समाधान होत नाहीं. ते त्याच प्रदेशांत पुनःपुन्हां जातात, प्रत्येक खोली उघडून पाहतात, प्रत्येक जिना चढून पाहतात, आणि जें जें सांपडलें तें तें नकाशावर मांडून सर्वांसाठीं इंटरनेटवर खुलें करतात. अशा नकाशांत मजल्यामजल्यांचे निराळे पट असतात. किल्ल्या तेवढ्या दाखवाव्या व बाकीचें झांकून ठेवावें अशी सोय असते. जें मिळालें त्यावर खूण करून ठेवतां येते. हें काम चिकाटीचें असतें, आणि पुष्कळांना त्याचा मोबदला कांहींच मिळत नाहीं. मूळ खेळांत रचणाऱ्यांनीं फेरफार केला कीं नकाशा शिळा होतो, व हे लोक पुन्हां कामाला लागतात. निष्काम कर्माचें उदाहरण शोधावयास निघालेल्यानें क्षणभर येथें थांबावें, अशा योग्यतेचें हें काम आहे.

एक उदाहरण आपल्याच प्रांताशीं संबंध असलेलें घेऊं. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील आयओ इंटरॅक्टिव्ह या संस्थेनें तयार केलेला 'हिटमॅन २' हा खेळ २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एक मोहीम मुंबईंत घडते. नायक पैसे घेऊन हत्या करणारा मारेकरी आहे. हा विषय पुष्कळांच्या अभिरुचीस मानवणार नाहीं, व तशा कथेचे मनावर काय परिणाम होतात हा वाद महत्त्वाचाही आहे. पण तो आजचा विषय नव्हे. येथें आपल्या उपयोगाची गोष्ट निराळी आहे. मुंबईच्या या मोहिमेंत तीन व्यक्तींचा माग काढावयाचा असतो. त्यांपैकीं एकाचें नांव ठाऊक असतें, परंतु चेहरा ठाऊक नसतो. दाट वस्तीच्या गल्लींतून, गर्दीच्या रेट्यांतून, कोण काय बोलतो इकडे कान देत, तो मनुष्य कोणता हें प्रथम हुडकून काढावें लागतें. तेव्हां 'ठाऊक नसणें' हा या मोहिमेंतील निव्वळ अडथळा नव्हे. तिचा जीवच त्यांत आहे. जो खेळाडू सर्व खुणा केलेला नकाशा पुढ्यांत उघडून मगच गल्लींत शिरतो, त्याला तो मनुष्य सांपडतो खरा; पण त्यानें त्याला शोधलेला नसतो.

मग असा नकाशा देणारा हा वाट दाखविणारा म्हणावा, कीं चहाडी करणारा?

निकाल देण्यापूर्वीं या नकाशांचा पूर्वेतिहास थोडा पाहणें इष्ट होईल. विल क्राउथर नांवाचा एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ भुयारें धुंडाळण्याचा मोठा शोकी होता. केंटकी संस्थानांतील मॅमथ केव्ह ही जगांतील सर्वांत लांब ज्ञात भुयारमालिका. तेथें जाऊन मोजमापें घेणाऱ्या मंडळींत तो व त्याची पत्नी पॅट्रिशिया अशीं दोघें असत, आणि त्या मोजमापांवरून संगणकाच्या साहाय्यानें त्यांनीं नकाशेही काढले होते. १९७२ सालीं फ्लिंट रिज व मॅमथ या दोन भुयारमालिका आंतून एकमेकींस जोडलेल्या आहेत असा शोध लागला. तो लावणाऱ्या तुकडींत पॅट्रिशिया होती. पुढें हें दांपत्य विभक्त झालें. आपल्या मुलींना रमवावें हाही एक हेतु मनांत धरून, १९७५-७६ च्या सुमारास क्राउथरनें त्याच भुयाराच्या एका भागावर आधारलेला खेळ लिहिला. १९७७ सालीं डॉन वुड्स यानें त्यांत पुष्कळ भर घातली. 'अ‍ॅडव्हेंचर' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्यांत चित्र एकही नव्हतें. आपण कोठें उभे आहों याचें चार ओळींचें वर्णन पडद्यावर उमटे, व खेळणाऱ्यानें उत्तरेस किंवा दक्षिणेस जाण्याची आज्ञा टंकावयाची, इतकाच त्याचा संसार.

या खेळांत एक चकवा आहे. तेथील प्रत्येक दालनाचें वर्णन शब्दशः सारखेंच असल्यामुळें आपण पुढें आलों कीं फिरून तेथेंच आलों हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. खेळाडूंना मग युक्ति सुचली ती अशी : जवळची एकेक वस्तु एकेका दालनांत टाकून द्यावयाची. दिवा टाकला तें एक दालन, किल्ल्या टाकल्या तें दुसरें. मग कागद घेऊन बसावयाचें आणि टाकलेल्या वस्तूंवरून वाटांचें जाळें रेखाटावयाचें. येथें नकाशा हें खेळाचें साधन नसून नकाशा काढणें हाच खेळ होता. ही गोडी पुढेंही ओसरली नाहीं. २००७ सालीं जपानच्या अ‍ॅटलस कंपनीनें 'एट्रियन ओडिसी' हा खेळ काढला, त्यांत तर एका पडद्यावर भुयार व दुसऱ्या पडद्यावर कोरे चौकोन ठेवून, खेळाडूनें चालतां चालतां स्वतःच्या हातानें भिंती आंखाव्या अशी योजना मुद्दाम केलेली होती.

या इतिहासांतून एक विलक्षण पेंच हातीं लागतो. नकाशा काढणाऱ्यास जो आनंद लाभला, तो त्याच्यापाशीं नकाशा नव्हता म्हणून लाभला. आतां तो आपल्या श्रमाचें फळ दुसऱ्याच्या पदरांत घालतो. परंतु फळ देत असतांना, तें पिकविण्याचा जो आनंद त्यानें स्वतः भोगला तो मात्र त्या दुसऱ्याला दुर्मिळ करून ठेवतो. देणारा जितका उदार व नकाशा जितका पूर्ण, तितकें घेणाऱ्यासाठीं मागें कमी उरतें. विद्या हें धन दिल्यानें वाढतें, असें आपल्याकडे परंपरेनें मानलें जातें, आणि तें सर्वथैव खरें आहे. देणाऱ्याचें त्यांत कांहींच कमी होत नाहीं. परंतु घेणाऱ्याच्या बाजूनें हा हिशेब सहसा कोणी मांडलेला नाहीं. एखादी गोष्ट ठाऊक नसणें हीही एका प्रकारची संपत्ति आहे, आणि ती एकदांच खर्चतां येते. रहस्यकथेंतील खुनी कोण हें कळल्यावर तें पुन्हां न कळलेलें करतां येत नाहीं. द्रव्य गेलें तर मिळवितां येतें, प्रकृति बिघडली तर कांहीं अंशीं सुधारतां येते. पण ज्ञान एकदां कानांवर पडलें कीं तें परत करण्याची सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं. म्हणूनच लपंडावांतील चहाडखोराचा अपराध मुलांना इतका झोंबतो. त्यानें जें घेतलें तें त्याला परत देतां येत नाहीं.

इतक्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, हे नकाशे मुळींच नसावे. ज्यानें त्यानें आपल्या पायांनीं चालावें व आपल्या कपाळानें भिंतीवर आपटावें. हा निष्कर्ष करारी दिसतो, पण तो न्याय्य नाहीं. तो सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढें नेहमीं रिकामा वेळ असलेला, धडधाकट व हट्टी खेळाडू असतो. सर्व माणसें तशीं नसतात. दिवसभर कचेरींत राबून, मुलांना झोंपवून, रात्रीं अर्धा तास मोकळा मिळालेली स्त्री त्याच एका कुलुपापाशीं आठ दिवस अडून राहिली, तर तिच्यासाठीं पुढचें सगळें शहर असून नसल्यासारखें आहे. ज्याची दृष्टि अधू आहे, ज्याला पडद्यावरची बारीक किल्ली दिसतच नाहीं, त्याला "स्वतः शोध" असें सांगणें हा उपदेश नसून उपहास आहे. अज्ञान ही संपत्ति खरी, पण ती खर्चून कांहीं विकत मिळणार असेल तोंवरच. दारच उघडत नसेल तर तें अज्ञान म्हणजे नुसता बंदिवास होय. अशा मनुष्यास नकाशा देणारा त्याचा आनंद हिरावून घेत नाहीं; आनंदाच्या वाटेंतील धोंड बाजूला करतो.

तेव्हां तोच नकाशा एकाचें नुकसान करतो व दुसऱ्याला तारतो. यांतून मार्ग कसा काढावा? या बाबतींत अमेरिकेंतील एका जुन्या उपक्रमानें मोठा सुंदर धडा घालून दिलेला आहे. इन्फोकॉम या कंपनीनें १९८० सालीं 'झॉर्क' हा भुयारांतील शब्दखेळ विकावयास आणला. अडलेल्या खेळाडूंना मदत हवी असे. माइक डॉर्नब्रुक नांवाच्या गृहस्थानें, जो या खेळाच्या अगदीं पहिल्या परीक्षकांपैकीं होता, ती मदत पुरविण्यासाठीं एक मंडळ काढलें, आणि १९८२ पासून 'इन्व्हिजिक्लूज' नांवाच्या पुस्तिका निघूं लागल्या. त्यांत नकाशे असत, व प्रत्येक अडचणीविषयीं एक प्रश्न छापलेला असे. प्रश्न दिसे, पण त्याखालचीं उत्तरें अदृश्य शाईनें छापलेलीं असत. सोबतच्या खास लेखणीनें घासल्यावरच तीं उमटत. शिवाय उत्तर एक नसे, अनेक असत. पहिल्या ओळींत नुसती सूचना, दुसरींत थोडें अधिक, आणि सर्वांत शेवटीं उघड उत्तर. इतकेंच नव्हे, तर प्रश्नांच्या यादीवरूनच पुढें काय काय येणार हें कळूं नये म्हणून, ज्यांचा खेळाशीं कांहींएक संबंध नाहीं असे खोटे प्रश्नही मधून मधून पेरलेले असत.

या लहानशा पुस्तिकेंत परोपकाराचें एक संपूर्ण शास्त्र दडलेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ती पुस्तिका लिहिणाऱ्यास सर्व उत्तरें ठाऊक होतीं. तीं एका पानांत सांगून मोकळें होणें त्याला सोपें होतें. परंतु आपणांस जें ठाऊक आहे तें दुसऱ्यास केव्हां व किती कळावें हें ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे, हें त्यानें ओळखलें, आणि लेखणी अडलेल्याच्या हातीं दिली. अडलेला मनुष्य एक ओळ घासून थांबूं शकतो, दुसरी घासूं शकतो, किंवा पुस्तिका मिटून पुन्हां भुयारांत जाऊं शकतो. हल्लींच्या चाहत्यांच्या नकाशांतील ते झांकतां-उघडतां येणारे पट हे याच अदृश्य शाईचे वंशज आहेत. ज्या नकाशाकारानें उघडतांक्षणीं सर्व खुणा अंगावर न टाकतां, "आपणांस काय पाहावयाचें आहे?" असें आधीं विचारलें, त्यानें वाटाड्याचा धर्म पाळला. ज्यानें सर्व कांहीं एकदम उधळून दिलें, त्याचे श्रम कितीही मोठे असोत, त्याला ज्ञान होतें पण संयम नव्हता.

आतां कोणी म्हणेल कीं, लेखणी हातीं दिल्यावर मनुष्य थांबतो थोडाच! मोह अनावर होतो व सगळ्या ओळी एकाच बैठकींत घासल्या जातात. हा आक्षेप खोटा नाहीं. निन्टेंडो या जपानी कंपनीनें २०१७ सालीं काढलेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळांत, डोंगरदऱ्यांतून लपलेलीं ९०० लहान वनभुतें आहेत. दगड उचलावा, झाडावर चढावें, तों एखादें हंसत पुढें येतें व एक बी देतें. आपली झोळी पूर्ण मोठी करून घेण्यास ४४१ बिया पुरतात. तरीही सर्वच्या सर्व ९०० गोळा करणाऱ्यास एक पारितोषिक ठेवलेलें आहे. तें पारितोषिक म्हणजे सोन्याच्या रंगाचा, शेणाच्या पोह्यासारखा दिसणारा एक गोळा! चाहत्यांनीं या नऊशेंच्या नऊशें जागा नकाशांवर मांडलेल्या आहेत. त्या नकाशावरून एकेक खूण पुसत जो शेवटपर्यंत पोहोंचतो, त्याच्या हातीं अखेर तोच गोळा येतो, जो नकाशावांचून भटकणाऱ्याच्या हातीं आला असता. भटकणाऱ्यास निदान प्रत्येक दगडाखालीं एक आश्चर्य मिळालेलें असतें. दुसऱ्याजवळ वहीखातें पुरें झाल्याचें समाधान उरतें. खेळ रचणाऱ्यानें जणू विचारलें आहे कीं, बाबा रे, तूं कशासाठीं निघाला होतास?

परंतु या मोहाचा दोष नकाशावर लादणें योग्य नव्हे. देणाऱ्याचें एक कर्तव्य आहे तसें घेणाऱ्याचेंही आहे, आणि तें म्हणजे आपण कशासाठीं निघालों आहों हें स्वतःशीं ठरविणें. ज्याला वहीखातें पुरें करण्यांतच आनंद आहे, त्याला हंसण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. मात्र ज्याला आश्चर्य हवें होतें व ज्यानें केवळ उतावळेपणानें तें विकून टाकलें, त्यानें वाटाड्यास बोल लावूं नये. प्रौढ मनुष्याच्या हातांतील लेखणी, तो ती फार घासतो म्हणून काढून घेणें, हा परोपकार नव्हे. ती पालकगिरी होय.

आणि पालकगिरीचा विषय निघालाच आहे, तर या प्रश्नाचें खरें मर्म खेळाच्या पडद्यावर नसून आपल्या घरांत आहे, हें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील सुशिक्षित घरांत मुलाच्या हातीं धड्याआधीं मार्गदर्शिका येते, गणित सुटण्याआधीं उत्तर येतें, आणि परीक्षेआधीं अपेक्षित प्रश्नांचा संच येतो. कोणत्या शाखेकडे जावें, कोणत्या गांवीं नोकरी धरावी, याचेही नकाशे आईबापांनीं, स्वतः त्या वाटा तुडविल्या असल्यामुळें, खुणा करून तयार ठेवलेले असतात. यांत प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? आपण जेथें ठेंच खाल्ली तेथें मुलानें खाऊं नये, ही इच्छा जगांतील सर्वांत निर्मळ इच्छांपैकीं एक आहे. परंतु ठेंच टाळतां टाळतां आपण मुलाच्या वाटणीचें न-जाणणें, जें त्याला एकदांच मिळणार होतें, त्याच्या वतीनें खर्चून टाकतों. गणिताचें उत्तर स्वतःला सुटलें तेव्हां काय वाटतें, हें त्या विशिष्ट गणितापुरतें तरी त्याला कधींच कळणार नाहीं. पुष्कळ मुलें हुशार असूनही कोऱ्या कागदापुढें बावरतात, त्याचें एक कारण हेंही असूं शकेल कीं, कोरा कागद असा त्यांना कोणी पाहूंच दिलेला नाहीं.

याउलट, सर्वच ठिकाणीं मौन धरावें असेंही नाहीं. चक्रव्यूहांत शिरण्याचा मार्ग अभिमन्यूला ठाऊक होता, बाहेर पडण्याचा ठाऊक नव्हता. त्या अर्ध्या नकाशाची किंमत त्यानें प्राणांनीं दिली. तेथें कोणी म्हणूं नये कीं, उरलेला मार्ग त्यानें स्वतः शोधण्यांत मौज होती. क्राउथर ज्या खऱ्या भुयारांतून हिंडला तेथें नकाशा म्हणजे जीव वांचविण्याचें साधन होतें. त्यानें लिहिलेल्या खेळांत तेंच भुयार आलें, आणि नकाशा नसणें ही मौज झाली. भुयार तेंच, पण पोहोंचण्याचें मोल व चालण्याचें मोल यांची अदलाबदल झाली. जेथें पोहोंचणेंच महत्त्वाचें आहे, जसें औषध, आग, पूर, अपघात, तेथें विचारण्याची वाट न पाहतां सांगावें. जेथें चालणेंच महत्त्वाचें आहे, तेथें विचारीपर्यंत थांबावें, आणि विचारल्यावरही आधीं पहिलीच ओळ सांगावी.

अडचण इतकीच कीं, आयुष्यांत हे दोन प्रदेश खेळाप्रमाणें वेगळे आंखलेले नसतात. मुलाचा व्यवसाय, मित्राचें दुःख, शिष्याची शंका, यांत पोहोंचणें किती व चालणें किती हें बाहेरून पाहणाऱ्यास ओळखतां येत नाहीं. तें बहुधा चालणाऱ्यालाच ठाऊक असतें, आणि कधीं कधीं त्यालाही चालतां चालतांच उमगतें. म्हणून ज्याला वाट ठाऊक आहे त्यानें अडलेल्याच्या हांकेच्या अंतरावर असावें. फार पुढें गेलेला वाटाड्या दिसत नाहीं, व हात धरून ओढणारा वाटाड्या वाट दिसूं देत नाहीं. ज्या अनाम खेळाडूंनीं रात्री जागून परक्या माणसांसाठीं नकाशे काढले, आणि त्यांवर आपल्या हातांनीं पडदाही घातला, त्यांनीं हें अंतर राखण्याची कला साधलेली आहे. खेळ म्हणून ज्याकडे आपण काणाडोळा करतों, तेथें ती शिकावयास मिळाली तर आपण ती अवश्य शिकावी.